अध्यक्ष कोणाचा, मतदारांचा की राज्यांचा?

ज्याला अधिक मते तो विजयी, हा लोकशाहीचा नियम शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. परंतु अमेरिकेच्या अध्यक्षपदाला तो लागू नाही. २००० साली अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४० हजार मते अधिक मिळाली. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांची आघाडी २८ लाखांहून अधिक होती. दोघेही पराभूत ठरले. कारण तेथे अंतिम निर्णय ५३८ सदस्यांच्या निर्वाचक मंडळाचा असतो आणि २७० मते मिळविणाऱ्याच्या गळ्यात माळ पडते.

या पद्धतीचे मूळ १७८७ सालच्या फिलाडेल्फिया येथील घटना परिषदेत आहे. जेम्स विल्सन यांनी तेथे थेट निवडणुकीचा पुरस्कार केला होता. परंतु दक्षिणेतील गुलामांना मताधिकार नव्हता. प्रतिनिधित्वाच्या हिशेबात मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असे ठरले होते. थेट निवडणुकीत दक्षिणेचा हा लाभ बुडाला असता. लहान राज्यांची धास्ती हेही एक कारण होते. तडजोड म्हणून हे मंडळ जन्मास आले. पुढे गुलामगिरी गेली, मंडळ राहिले.

प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके निर्वाचक प्रत्येक राज्यास मिळतात. त्यामुळे २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३० हजारांमागे. याहून गंभीर दोष निराळाच आहे. मेन व नेब्रास्का वगळता सर्वत्र, राज्यात पुढे असणाऱ्या उमेदवाराच्या पदरात तेथील सर्व निर्वाचक पडतात. साहजिकच कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन मतदाराचे आणि डेमोक्रॅटिक बालेकिल्ला नसलेल्या वायोमिंगमधील डेमोक्रॅट मतदाराचे मत निष्फळ ठरते. भांडवल जसे नफ्याकडे धावते, तशी उमेदवारांची आश्वासने पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा मोजक्या दोलायमान राज्यांकडे धावतात.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, अमेरिका हे संघराज्य आहे. थेट निवडणुकीत मोठी शहरेच राज्य करतील आणि चुरस झाल्यास देशभर फेरमोजणी करावी लागेल. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. पण राज्यांच्या समानतेसाठी सिनेट आहेच. शंभर मोठ्या शहरांत मिळून देशाची सुमारे एकपंचमांश लोकसंख्या राहते. तेवढ्यावर कोणी अध्यक्ष होणार नाही. फेरमोजणीचे म्हणाल, तर २००० सालचा तंटा फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांवरून उद्भवला. देशव्यापी अंतर त्याच्या कित्येक पट होते.

मग बदल का होत नाही? १९६९ साली प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती मोठ्या बहुमताने संमत केली होती. पुढील वर्षी सिनेटमधील अडवणुकीने ती बुडाली. ३८ राज्यांची संमती मिळविणे दुष्कर म्हणून २००७ पासून राज्याराज्यांतील कराराचा मार्ग चोखाळला गेला. देशात सर्वाधिक मते मिळविणाऱ्यास आपले निर्वाचक द्यावयाचे, पण करारातील राज्यांचे बळ २७० झाल्यावरच, अशी त्याची अट. २०२४ साली मेन सामील झाल्यावर हे बळ २०९ झाले. मात्र सामील झालेली राज्ये बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारी आहेत, आणि काँग्रेसच्या संमतीवाचून असा करार वैध ठरेल काय, हा प्रश्न न्यायालयात जाणारच.

निवडणुकीची पद्धत कोणत्या पक्षाला लाभते यावर तिचे मोल ठरू नये. २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांना दोन्ही कसोट्यांवर आघाडी मिळाली, म्हणून प्रश्न मिटला असे नव्हे. नागरिकाच्या मताचे वजन त्याच्या पत्त्यावरून ठरावे काय, याचे उत्तर अमेरिकेला कधीतरी द्यावेच लागेल.