निवडुंग कागदावर कसा बसवायचा?

मंडळी, आज आपण निवडुंगाबद्दल बोलणार आहोत, पण कुंडीतल्या नव्हे, हर्बेरियमच्या कपाटातल्या. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. आपल्याकडे मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे. तिथे जाड कागदावर वाळलेली फांदी चिकटवलेली असते आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी असते: कुठे सापडली, कधी, कोणी गोळा केली. उद्या त्या वनस्पतीच्या नावावरून वाद झाला, तर साक्षीला हाच कागद उभा राहतो.

आधी एक घोळ मिटवूया. शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग हा कॅक्टस नाहीच. तो मोडला की पांढरा चीक येतो. तो एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. हे कुळ जवळजवळ सगळं अमेरिका खंडातलं, आणि फड्या निवडुंगही तिथूनच इकडे आलेला.

आता अडचण बघा. तुळशीची फांदी वर्तमानपत्रात घालून दाबली की काही दिवसांत वाळते. निवडुंगाची साल जाड आणि मेणचट. पानांवरची छिद्रं बहुतेक झाडं दिवसा उघडतात. निवडुंगाच्या खोडावरची ती रात्री उघडतात, म्हणजे पाणी कमी उडतं. वाळवंटात जगायला हे उत्तम, पण वाळवणाऱ्याच्या दृष्टीने संकट! कापलेला फडा तसाच दाबून ठेवला, तर तो आतून कुजतो, नाहीतर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो आणि कधी कधी दाबातच कोंब काढतो. आणि ॲरिझोनातला सग्वारो १२ मीटरपर्यंत वाढतो. तो कागदावर कसा मावणार?

म्हणून बऱ्याच संग्राहकांनी निवडुंग टाळला, आणि जे नमुने जमले तेही अपुरे. सेंट लुईसचे डॉक्टर जॉर्ज एंगेलमन यांनी सग्वारोचं वर्णन केलं १८४८मध्ये, तेही लष्करी मोहिमेवरून आलेल्या माहितीवरून. पुढे नॅथॅनियल ब्रिटन आणि जोसेफ रोझ यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी रानातून आणलेली रोपं न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या काचघरांत वाढवली, फुलं येण्याची वाट पाहिली आणि मग अभ्यास केला. त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१९ ते १९२३ या काळात निघाला.

आज ही कामगिरी कशी करतात? फडा चिमट्याने धरायचा, कारण मोठ्या काट्यांपेक्षा बारीक कुसळं जास्त छळतात. तो उभा चिरून आतला बुळबुळीत गर खरवडून काढायचा, साल राखायची आणि उष्णता देऊन वाळवायची. कागद वरचेवर बदलायचे. खांबासारखा निवडुंग असेल तर आडवी चकती कापायची, म्हणजे कंगोरे किती ते मोजता येतं. फूल उभं चिरून वेगळं दाबायचं. बिया आणि सुटे काटे पाकिटात.

एवढं करूनही निम्मं झाड हातातून निसटतंच. फुलाचा रंग उडतो, गोल खोड चपटं होतं, उंची तर कागदावर येतच नाही. म्हणून चिठ्ठी महत्त्वाची. झाड किती उंच होतं, फांद्या कुठून फुटल्या होत्या, फूल ताजं असताना कोणत्या रंगाचं होतं, जमीन चुनखडीची की वाळूची, हे जागेवरच लिहायचं, फोटो काढायचा. चिठ्ठी कोरी असेल तर तो नुसता वाळका तुकडा.

कोणी म्हणेल, एका नावासाठी एवढा खटाटोप? तर हा आपल्याच देशातला किस्सा ऐका. १७९५मध्ये ब्राझीलहून कोचिनील किडा भारतात आणला, उंची लाल रंग मिळेल या आशेने. निघाली भलतीच जात. रंगाचं काही जमलं नाही, पण त्या किड्याने एका जातीचा निवडुंग फस्त केला. ते पाहून रान माजवणाऱ्या निवडुंगावर हा उपाय ठरला. पण दक्षिणेत माजलेल्या दुसऱ्या जातीला त्याने तोंडच लावलं नाही. तिच्यावर चालणारा वेगळा किडा १९२६मध्ये श्रीलंकेतून आणावा लागला. आपल्याला सगळा निवडुंग सारखाच दिसतो. किड्याला तसा दिसत नाही.

आता खरा पेच. २०१५च्या जागतिक पाहणीत निवडुंगाच्या सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं, आणि हौशी लोकांसाठी रानातून उपटून विकणं हे त्याचं एक मोठं कारण. २०२०मध्ये इटलीत हजाराहून जास्त निवडुंग जप्त झाले, ते चिलीच्या वाळवंटातून चोरून आणलेले होते. अशा वेळी अचूक ठिकाण लिहिलेली चिठ्ठी अभ्यासकाला जितकी उपयोगी, तितकीच चोरालाही. म्हणून अनेक हर्बेरियम दुर्मीळ जातींचं नेमकं ठिकाण इंटरनेटवर झाकून ठेवतात आणि अभ्यासकाने मागितलं तरच देतात. शिवाय १९७५पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जवळजवळ सगळ्या निवडुंगांच्या व्यापारावर बंधनं आहेत.

मग संग्रहच बंद करावा का? आम्हाला तसं वाटत नाही. नमुनाच नसेल, तर अमुक जात अमुक टेकडीवर होती हे उद्या कशावरून सांगणार? आणि नाहीशी झाली, तर कोणाला कळणार? मात्र गोळा करण्याची रीत बदलायला हवी. परवानगी घेऊन जायचं. फांदीने भागत असेल तर झाड उपटायचं नाही, आणि एका फुलाने भागत असेल तर फांदीलाही हात लावायचा नाही. जिथे पाच-सहाच झाडं उरली आहेत, तिथे फोटो, टिपण आणि गळून पडलेलं फळ यांवर समाधान मानायचं. तुकडा लहान आणि चिठ्ठी मोठी, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.