सूर्यास्तापूर्वीचा दालचिनी रोल

नाताळच्या सुट्टीत पुण्याच्या वसतिगृहातून घरी आलेल्या माझ्या मुलीने एका दुपारी स्वयंपाकघराचा ताबा मागितला. तिला दालचिनीचे रोल करावयाचे होते. ती साहित्याची यादी वाचून दाखवीत असता सामायिक आटोपून बसलेल्या सासूबाईंनी विचारले, "अंडे तर नाही ना त्यात?"

"नाही, दादी. यीस्ट आहे."

"मग तुम्ही खा. मला नको."

त्या रागावल्या नव्हत्या. पण रोल भट्टीतून निघाले तेव्हा साडेसात वाजून गेले होते आणि सासूबाईंचा चौविहार केव्हाच झाला होता. आम्ही एका खोलीत खात होतो, त्या दुसऱ्या खोलीत बसून होत्या. नातीने स्वतःच्या हातांनी केलेला पहिला पदार्थ आजीने चाखला नाही, ही गोष्ट दोघींनाही लागली. आपल्या अनेक घरांत आज हेच घडते आहे. नवी पिढी नव्या पदार्थांकडे वळते, जुनी पिढी नियमांत राहते आणि ताटे वेगळी होतात. ही ताटे पुन्हा एकत्र आणता येतील का, या प्रश्नातून हा लेख लिहिला आहे.

भाजण्याची कला आपल्याला परकी नाही

बेकिंग म्हटले की आपल्याला परदेशी स्वयंपाकघर आठवते. वास्तविक राजस्थानातून येऊन नगर जिल्ह्यात स्थायिक झालेल्या आपल्या पूर्वजांनी बरोबर आणलेली बाटी ही गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलीच असते आणि तिला यीस्टची गरज कधीच भासली नाही. दिवाळीपूर्वी मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून गल्लीतल्या बेकरीत न्यावयाचे आणि समोर उभे राहून नानकटाई भाजून आणावयाची, हा प्रघातही अनेकींना आठवत असेल. घरचे साहित्य आणि घरची नजर, एवढी खात्री त्यामागे होती.

दालचिनी रोलचे माहेर समजला जाणारा स्वीडन देशही या पदार्थाकडे घरगुती म्हणूनच पाहतो. तेथील गृहबेकिंग मंडळाने 1999 साली आपल्या चाळिसाव्या वर्षानिमित्त 4 ऑक्टोबर हा दालचिनी रोलचा दिवस ठरविला. तेथे पिठात वेलदोड्याची पूडही घालतात, हे वाचून आपल्या वाचकांना हा पदार्थ थोडा जवळचा वाटेल.

अडते कुठे?

दालचिनी ही झाडाची वाळविलेली साल आहे. ती कंदमूळ नाही, तेव्हा तिच्याविषयी प्रश्न नाही. अडचणी तीन आहेत.

पहिली अंड्याची. बांधलेल्या पाकिटावरील हिरवे चिन्ह पाहून अंडे नाही एवढे कळते, कारण आपल्या देशात अंड्याचा पदार्थ मांसाहारी चिन्हाखाली येतो. मात्र त्याच हिरव्या चिन्हाखाली लोणी, मध आणि यीस्ट असू शकते. बेकरीच्या काचेमागच्या सुट्या मालावर तर बहुधा कोणतेही चिन्ह नसते.

दुसरी लोण्याची. मूळ कृतीत पिठात आणि सारणात भरपूर लोणी असते. मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगय आपल्याकडे वर्ज्य मानल्या आहेत. हे अंड्याइतके चटकन लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगावेसे वाटते. यावर उपाय घरातच आहे, तो म्हणजे कढविलेले तूप.

तिसरी आणि सर्वांत अवघड अडचण यीस्टची. पाथर्डीच्या श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा देत वाढलेल्या आमच्या पिढीने एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचे भेद पाठ केले. पण ते ज्ञान यीस्टच्या पाकिटापर्यंत आणून पोहोचविणे राहून गेले. यीस्ट ही बुरशीच्या कुळातील एकपेशी सजीव वस्तू आहे, म्हणजे आपण ज्याला लीलण-फूलण म्हणतो त्याच्या जवळची. उबदार पिठातील साखर खाऊन ती वाढते, कर्बवायू आणि थोडे मद्यार्क सोडते. वायूने पीठ फुगते आणि भट्टीच्या उष्णतेने यीस्ट मरते. ज्यांना हे वर्ज्य वाटते त्यांची भूमिका या प्रक्रियेकडे पाहिले की समजते.

खाण्याच्या सोड्याचे काम वेगळे आहे. तो एक क्षार आहे. आम्लाशी संयोग होताच तो कर्बवायू सोडतो आणि पीठ हलके होते. आम्ल म्हणून दही घेता येते. "दह्यातही सूक्ष्म जीव असतातच की," असे मुलीने विचारलेच आणि तिचे म्हणणे खोटे नाही. परंपरेने दह्याला काळाची मर्यादा घातली आहे. दोन रात्री उलटलेले दही आपण घेत नाही. ज्यांना तरीही शंका वाटते त्यांनी दुधात लिंबाचा रस पिळून वापरावा, रोल तितकाच हलका होतो. ज्यांनी प्रत्याख्यान घेतले आहे त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारूनच ठरवावे. या रोलमध्ये दूध, दही, तूप आणि गूळ अशा विगय येतात, म्हणून विगयत्यागाच्या दिवशी तो करू नये.

साहित्य आणि कृती

मैदा 150 ग्रॅम, कणीक 100 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, साखर 2 मोठे चमचे, थिजलेले तूप 50 ग्रॅम, ताजे दही अर्धी वाटी, लागेल तसे दूध. सारणासाठी बारीक किसलेला गूळ 75 ग्रॅम, दालचिनीची पूड 2 चहाचे चमचे, कणीक 1 चमचा, तूप 2 मोठे चमचे. वरून लावण्यासाठी त्याच दिवशी बांधलेला चक्का 4 चमचे, पिठीसाखर 2 चमचे आणि वेलदोड्याची पूड.

दालचिनी घेताना साल पाहावी. जाड, कडक, एकपदरी साल बहुधा कॅशियाची असते. पातळ, ठिसूळ आणि अनेक पदरांची गुंडाळी ही खरी दालचिनी. तिचा सुवास सौम्य असतो. पूड घरीच ताजी करावी.

पीठ, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. भेसळ, किडा, धान्याचा कण जे असेल ते चाळणीत दिसते. आपल्या जयणेची सुरुवात येथेच होते. साखर मिसळून, शंकरपाळ्यांना मोहन घालतो तसे थिजलेले तूप बोटांनी पिठाला चोळावे. मूठ वळली की ती टिकेल, इतपत चोळणे पुरे. मग दही घालून हलक्या हाताने गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नये, नाहीतर रोल चिवट होतात. यंत्राला ही खूण कळत नाही, हाताला कळते.

अर्धा सेंटिमीटर जाडीची चौकोनी पोळी लाटून तिला तूप लावावे. गूळ, दालचिनी आणि कणीक एकत्र करून पसरावे. कणकेमुळे वितळलेला गूळ बाहेर वाहत नाही. घट्ट गुंडाळी करून सुरीऐवजी जाड दोऱ्याने 9 भाग कापावेत, म्हणजे पदर चेपत नाहीत. तूप लावलेल्या भांड्यात मांडून लगेच 190 अंश सेल्सिअसवर 20 ते 25 मिनिटे भाजावे. सोड्याचे काम पीठ भिजताच सुरू होते, म्हणून थांबू नये. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, वर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावी आणि मंद आचेवर 30 ते 35 मिनिटे भाजावे. रोल कोमट झाल्यावर चक्क्याचे मिश्रण लावावे.

यीस्टच्या रोलइतके हे रोल कापसासारखे मऊ होत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचा पोत खुसखुशीत, नानकटाई आणि पाव यांच्या मधला असतो. मात्र पीठ तासन्‌तास आंबविण्याची वा रात्रभर ठेवण्याची गरज नसते. दुपारी चारला सुरुवात केली तर पाचच्या सुमारास रोल ताटात येतात. आपल्याकडे हिवाळ्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो.

सुट्टी संपण्यापूर्वी मुलीने याच कृतीने पुन्हा रोल केले. या वेळी पीठ सासूबाईंनी चाळून दिले आणि गूळही त्यांनीच किसला. सव्वापाच वाजता नातीने पहिला रोल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि म्हणाल्या, "गूळ जरा कमी चालेल." पुढच्या खेपेला आम्ही गूळ कमी केला.