टायफॉइड की टायफस? नावे सारखी, आजार वेगळे

“रिपोर्टमध्ये टायफस लिहिलंय, म्हणजे टायफॉइडच ना?” असा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक विचारतात. उत्तर आहे: नाही. दोन्हींची औषधे वेगळी असल्याने हा फरक माहीत हवा.

ग्रीक भाषेत ‘टायफॉस’ म्हणजे धूर. तापात येणाऱ्या गुंगीवरून ‘टायफस’ हे नाव पडले. ‘टायफॉइड’ म्हणजे ‘टायफससारखा’. पूर्वी डॉक्टरांचाही गोंधळ होई. १८३७ मध्ये अमेरिकेतील डॉ. विल्यम गेरहार्ड यांनी हे आजार वेगळे असल्याचे दाखवले.

टायफॉइड (विषमज्वर) दूषित पाणी व अन्नातून होतो. ताप दिवसागणिक चढतो, पोट दुखते, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होते. खात्रीसाठी रक्ताचे कल्चर करतात. नुसती विडाल चाचणी फसवू शकते.

स्क्रब टायफस हा टायफसच्या गटातला, आपल्याकडे आढळणारा आजार. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. गवत-झुडपांतील चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून तो होतो. चावल्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, म्हणून मुद्दाम शोधावी लागते. सर्वांनाच ती असते असे नाही.

मावळात भातखाचरांच्या बांधावरचे गवत कापणारे आणि लोणावळ्याच्या डोंगरात फिरायला येणारे, दोघांनीही ताप आल्यास डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. टायफॉइडसाठी नेहमी दिले जाणारे सेफ्ट्रायाक्झोन इंजेक्शन स्क्रब टायफसवर चालत नाही. त्यावर डॉक्सिसायक्लिन लागते, गरोदर स्त्रियांना अॅझिथ्रोमायसिन. ही औषधे मनाने घेऊ नका. उपचार लांबले तर फुफ्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूवर परिणाम होतो.

काळजी अशी घ्या
- टायफॉइडसाठी: पाणी उकळून प्या, जेवणापूर्वी साबणाने हात धुवा, लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- स्क्रब टायफससाठी लस नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतावर थेट बसू नका, घरी आल्यावर अंघोळ करून कपडे धुवायला टाका.

धाप लागणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या. टायफॉइडचे उपचार सुरू असूनही ताप उतरत नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा, “हा टायफस तर नसेल ना?”