कोसळले, की पाडले?

पावसाळ्यात आमच्या डेस्कवर सगळ्यांत जास्त राबणारं क्रियापद म्हणजे ‘कोसळणे’. महाडहून दरड कोसळल्याचा फोन येतो, नाशिकहून टोमॅटोचे दर कोसळल्याची बातमी येते, सातारच्या बातमीदाराकडे शाळेची भिंत कोसळलेली असते. मी जिल्ह्यांची पानं लावते. कधी कधी एकाच पानावर हे क्रियापद चार मथळ्यांत दिसतं, मग त्यातली दोन बदलावीच लागतात.

ते इतकं चालतं, कारण ते नेमकं आहे. उंची, अचानकपणा आणि स्वतःचं वजन, हे तिन्ही त्यात आहे. म्हणून आम्ही पायऱ्या पाळतो. सेन्सेक्स शंभरेक अंकांनी खाली आला तर ‘उतरला’, आणखी आला तर ‘घसरला’. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेची मतमोजणी चालू असताना, तो एका दिवसात ४,३८९ अंकांनी खाली आला. त्याला ‘कोसळला’शिवाय शब्दच नाही. डिसेंबर २०२०मध्ये अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, तिथे ‘गडगडला’ जास्त शोभतं. एकामागून एक गडी घरंगळत जाताना त्या शब्दात ऐकू येतात. आणि माणूस? माणसाला रडू कोसळतं. ही मराठीची कमाई मला फार मोलाची वाटते.

पण या क्रियापदाला पाडणारा लागत नाही. दरड कोसळली म्हटलं की वाक्य पुरं होतं. माळीणला ३० जुलै २०१४ रोजी पहाटे डोंगर गावावर आला, तेव्हा पहिल्या दिवशी लिहिण्यासारखं हेच होतं. बाजारभावाचं तसं नाही.

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. देशात कांदा महागू नये, हाच तिचा हेतू. दुसऱ्या दिवशी लासलगाव, चांदवड भागात लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. अशा वेळी मथळा ठरलेला असतो : ‘कांद्याचे दर कोसळले’. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याशी बोला, तो असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘भाव पाडला’. कधी सरकारने, कधी व्यापाऱ्याने. त्याचा आरोप प्रत्येक वेळी खरा असेलच असं नाही, तो तपासायलाच हवा. पण ‘कोसळले’ लिहिलं की तपासायला काही उरतच नाही. दर जणू वळवासारखे आभाळातून आले.

राजकारणात हा फरक सगळ्यांना पक्का ठाऊक आहे. जून २०२२मध्ये महाविकास आघाडीचं सरकार गेलं, तेव्हा ते ‘कोसळलं’ की ‘पाडलं’, यावरून बोलणारा कुठल्या बाजूचा ते लगेच कळायचं. राजकारण्यांना जी जाण आहे ती शेतीच्या पानावर का नसावी?

मालवणचं उदाहरण मला अजून सलतं. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरण होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. त्या दिवशीचं ‘कोसळला’ अगदी बरोबर. वारा ताशी ४५ किलोमीटर वेगाने वाहत होता, असं सरकारकडून सांगण्यात आलं. पण नट-बोल्टना गंज चढल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागाने काही दिवस आधीच नौदलाला पत्राने कळवलं होतं. ते पत्र बाहेर आल्यावर मथळ्यात गंज यायला हवा होता. काही ठिकाणी आला, बऱ्याच ठिकाणी ‘कोसळला’च चालू राहिलं.

जागा नसते, असं डेस्कवर नेहमी ऐकू येतं. एका कॉलमात तीन-चार शब्दच मावतात, हे खरं. पण ‘निर्यातबंदीने कांदा पाडला’ हे तीनच शब्द आहेत. हल्ली ‘दर कोसळले’ अशी बातमी आली की मी बातमीदाराला फोन करून तीन गोष्टी विचारते : काल क्विंटलला काय भाव होता, आज काय निघाला आणि मधल्या काळात कोणता आदेश आला किंवा किती गाड्यांची आवक वाढली. आवक वाढली असेल तर मथळा ‘आवक वाढली, टोमॅटो गडगडला’. आदेश आला असेल तर त्या आदेशाचं नाव मथळ्यात पहिलं.