बोअर घेण्याआधी विचार करा



सुपा आणि आसपासचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. होळी झाली की विहिरी तळ दाखवतात. कांदा पोसायच्या वेळेला पाणी तुटतं. मग बोअरची गाडी शेतात येते. पाणी लागलं की आनंदीआनंद! पण पुढं शेजाऱ्याची विहीर आटते. तो तुमच्यापेक्षा खोल जातो. काही वर्षांनी दोघांचेही बोअर कोरडे पडतात, आणि डोक्यावर कर्ज मात्र राहतं. म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर!

हे असं का होतं?

आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्याच्या पोटात पाण्याचा समुद्र नाही. पावसाचं पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि फुटक्या खडकात साठतं. त्यावरच आपल्या विहिरी चालतात. खाली फक्त भेगा आणि सांधे असतात. त्यात पाणी थोडं, आणि ते भरायला फार वेळ लागतो. वरच्या थरात केसिंग नीट बसवलं नाही तर विहिरीचं पाणीही बोअरवाटे खाली उतरतं. बोअर नवं पाणी तयार करत नाही. आहे तेच लवकर उपसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेजारची उदाहरणं पाहा

आपल्याच तालुक्यात राळेगणसिद्धीनं १९७५ नंतर नालाबांध आणि पाझर तलावांतून पाणी आधी मुरवलं, मग वापरलं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं १९९० नंतर तेच केलं. शिवाय शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, असं गावानंच ठरवलं. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात : आधी माणसांना आणि जनावरांना, मग पिकांना. पाऊस कमी झाला तर पीकही कमी पाण्याचं.

आपण काय करावं?

१. दिवाळीच्या सुमारास दोरीनं विहिरीचं पाणी मोजा. दरवर्षी वहीत लिहून ठेवा.
२. पाणी पाहूनच कांद्याचं क्षेत्र ठरवा. पाणी कमी असेल तर ज्वारी, हरभरा घ्या.
३. बांधबंदिस्ती, समतल चर आणि जुन्या नालाबांधातला गाळ काढणं ही कामं पावसाआधी उरका.
४. ठिबक बसवलं म्हणून क्षेत्र वाढवू नका. वाचलेलं पाणी पुन्हा उपसलं तर बचत कसली?
५. बोअरमध्ये ओढ्याचं गढूळ पाणी थेट सोडू नका. भेगा गाळानं बुजतात, पाणी दूषित होतं.
६. बंद बोअर उघडा ठेवू नका. खाली माती-मुरूम भरून तोंड पक्कं बंद करा. त्यात लेकरं पडून जीव गेले आहेत.

बोअर एकट्याचा असतो, पण त्यातलं पाणी साऱ्या शिवाराचं. म्हणून गाडी बोलावण्याआधी शेजाऱ्यांबरोबर बसा आणि हा विषय ग्रामसभेत मांडा.