ट्रेकिंगच्या बुटांसाठी इनसोल : मऊपणा की आधार?

ट्रेकिंगच्या बुटात तळव्याखाली जी काढता येणारी गादी असते, तिला इनसोल म्हणतात. बुटाबरोबर येणारी ही गादी बहुतेक वेळा पातळ फोमची आणि जवळजवळ सपाट असते, कारण एकाच मापाचा बूट वेगवेगळ्या घडणीच्या पायांना चालावा, असा उत्पादकाचा हेतू असतो. वापराने ती टाचेखाली आणि चवड्याखाली दबते, आणि पाय दुखू लागले की ती बदलणे हा नवा बूट घेण्यापेक्षा स्वस्त उपाय ठरतो. मात्र दुकानात अंगठ्याने दाबून जी सर्वांत मऊ लागेल ती उचलण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात दुखण्याचे कारणच विचारात घेतले जात नसल्याने ही निवड पुष्कळदा फसते.

हे कारण समजण्यासाठी पायाची रचना पाहिली पाहिजे. प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात, आणि टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला प्लांटार फॅशिया नावाचा चिवट तंतुमय पट्टा पावलाची कमान खालून ताणून धरतो. चालताना टाच उचलून बोटे वर वळली की हा पट्टा आवळला जातो, कमान उंचावते आणि पाऊल ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते, ही क्रिया जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये उलगडून दाखवली. बारी गावातून कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर चढताना हा ताण पावलापावलाला पडतो, तर उतरताना टाचेखालच्या चरबीच्या थरावर आणि चवड्यावर पाठपिशवीसह सगळ्या शरीराचा भार आदळतो.

हा भार किती आहे याइतकेच तो किती जागेवर पसरतो याला महत्त्व आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये रुजू होऊन पुढे कुष्ठरुग्णांवर काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की संवेदना गेलेल्या तळव्यांवरील जखमांचे एक प्रमुख कारण एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब हे असते. अशा पायांसाठी भारतात रुजलेल्या, मायक्रोसेल्युलर रबराच्या म्हणजे हवेचे सूक्ष्म कप्पे असलेल्या रबराच्या चपला याच विचारावर उभ्या आहेत. निरोगी पायालाही हाच नियम लागू होतो. फार मऊ गादी भाराखाली पूर्ण दबते आणि मग हाडाखालचा दाब होता तिथेच राहतो. उलट तळव्याच्या आकाराला जुळणारी, मध्यम ताठ गादी कमानीलाही भार उचलायला लावते आणि टाच व चवडा यांचा वाटा कमी करते.

म्हणून निवडीची सुरुवात दुखणाऱ्या जागेपासून करावी. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच आतल्या बाजूने दुखत असेल, तर प्लांटार फॅशियाला इजा असण्याची शक्यता असते. तेव्हा टाचेला चोहोबाजूंनी धरणारी खोल वाटी आणि कमानीखाली आधार असलेली इनसोल उपयोगी पडते. चवडा दुखत असल्यास त्याच्या हाडांच्या टोकांच्या किंचित मागे छोटा उंचवटा असलेली इनसोल घ्यावी, कारण तोच उंचवटा थेट दुखऱ्या जागेखाली आला तर वेदना वाढते. उतारावर बोटांची नखे काळी पडत असतील, तर दोष बहुधा बुटाच्या लांबीचा किंवा सैल बांधलेल्या नाडीचा असतो आणि तो इनसोलने सुटत नाही. तळवा सपाट असूनही काही दुखत नसेल, तर केवळ सपाटपणावर उपाय करण्याची गरज नसते.

दुसरी कसोटी बुटातील जागेची आहे. जुनी इनसोल काढूनच नवी बसवावी, कारण एकीवर एक ठेवल्यास पाय वर उचलला जातो, टाच निसटू लागते आणि बोटे वरच्या बाजूला घासतात. जुनी नवीवर ठेवून कडा आखावी आणि फक्त पुढचा भाग थोडा थोडा कापावा. कमानीचा उंचवटा आपल्या कमानीखालीच येतो ना, हे ट्रेकचे मोजे घालून, शक्यतो संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असताना, उभे राहून तपासावे.

इनसोलच्या द्रव्याचा विचार यानंतर येतो. ईव्हीए हा फोम हलका असतो, पण लवकर दबतो. पॉलियुरेथेन जड असले तरी आकार अधिक काळ टिकवते. जेल आघात शोषते, पण कमानीला आधार देत नाही. सह्याद्रीतील पावसाळी ट्रेकला पाणी कमी धरणारा फोम सोयीचा असतो, आणि भिजलेली इनसोल बुटातून काढून सावलीत वाळवावी, कारण चुलीजवळच्या उष्णतेने तिचा आकार बिघडतो. नवी इनसोल आधी रोजच्या चालण्यात तास-दोन तास वापरून मगच गडावर न्यावी.

महागडी, साच्यावरून घडवलेली इनसोल प्रत्येकाला लागतेच असेही नाही. प्लांटार फॅशियाच्या दुखण्यावर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तयार आणि खास बनवलेल्या इनसोलचा परिणाम जवळजवळ सारखा आढळला. तीन महिन्यांनी पायाच्या कार्यक्षमतेत थोडी सुधारणा दिसली, परंतु वर्षभरानंतर दोन्ही गट नुसती मऊ गादी वापरणाऱ्यांपेक्षा वेगळे राहिले नाहीत. याचा अर्थ इनसोल हा बरे होईपर्यंतचा आधार आहे, आणि त्याच्या जोडीला पोटरी व तळव्याला ताण देणारे व्यायाम आणि चालण्यात हळूहळू केलेली वाढ आवश्यक आहे. हाडाच्या एकाच बिंदूवर टिकून राहणारी वेदना, सूज किंवा बधिरपणा असेल, तसेच मधुमेह असेल, तर इनसोल घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहात तळव्याची संवेदना मंदावू शकते, आणि ज्या पायाला दुखणे जाणवतच नाही त्याच्यासाठी आराम वाटतो की नाही ही कसोटी निरुपयोगी ठरते.