फणीचे दाते आणि एक इंग्रजी शब्द

ज्याचे केस पिंजारलेले, दाढी वाढलेली आणि कपडे चुरगळलेले, अशा मनुष्याच्या गबाळेपणास इंग्रजीत 'अनकेम्प्ट' हे विशेषण लावतात. परंतु 'अव्यवस्थित' या एकाच शब्दात त्याचा तर्जुमा उरकला जात असल्यामुळे त्याच्या पोटात दडलेली फणी मराठी वाचकाच्या दृष्टीस पडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

या शब्दाचा मूळ अर्थ 'न विंचरलेला' एवढाच. प्राचीन इंग्रजीत विंचरण्यास 'केम्बन' म्हणत. त्याचेच पुढे 'केम्ब' झाले आणि 'विंचरलेला' या अर्थी 'केम्प्ट' हे रूप आले. कालांतराने फणीवाचक 'कोम' या नामापासून नवे क्रियापद घडून त्याने जुन्या 'केम्ब'ला वहिवाटीतून बेदखल केले. पण नकाराचा उपसर्ग लागलेले 'अनकेम्प्ट' मात्र आपल्या जागी राहिले. लोकर विंचरणाऱ्या स्त्रीस 'केम्प्स्टर' म्हणत, तेही आडनावाच्या रूपाने शिल्लक आहे. इंग्रज कवी स्पेन्सरने तर १५७९ सालच्या 'शेपर्ड्स कॅलेंडर' या काव्यात हे विशेषण केसांना नव्हे, ओबडधोबड पद्यरचनेला लावले, आणि फणी न फिरवलेली कविता ही कल्पना मला फार मार्मिक वाटते.

'डिशेव्हल्ड' हा याच अर्थाचा दुसरा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी केसवाचक लॅटिन 'कॅपिलस' आहे. मोकळ्या केसांवरून तो एकंदर अवताराला लागू झाला.

परंतु आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट पुढेच आहे. माझ्या आजीची लाकडी फणी अद्याप घरात आहे. तिच्या एका अंगाचे दाते विरळ, दुसऱ्या अंगाचे दाट, आणि दाट बाजूचे दोन दाते मोडलेले. फणीच्या या अवयवांना आपण दाते म्हणतो, आणि इंग्रजी 'कोम'चे ज्या संस्कृत शब्दाशी सख्खे नाते आहे त्या 'जम्भ' शब्दाचा अर्थही दात, दाढ असाच आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे एकमूलत्व प्रतिपादिले, आणि १८२२ साली जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने जर्मानिक भाषांतील व्यंजनांच्या स्थित्यंतराचा नियम मांडला. त्या नियमाच्या आधारे पाहता संस्कृतातील 'ज'च्या जागी इंग्रजीत 'क' आणि 'भ'च्या जागी 'ब' का आढळतो याचा उलगडा होतो. 'जानु' म्हणजे गुडघा. त्याच्याच नात्यातल्या 'नी' या इंग्रजी शब्दाच्या आरंभी न उच्चारला जाणारा 'क' आजही लिहितात. तसाच 'कोम'च्या शेवटी एक मुका 'ब' लिहितात, आणि तो 'जम्भ'मधल्या 'भ'चा दाखला आहे.

ज्याच्या वधामुळे इंद्रास अमरकोशात 'जम्भभेदी' म्हटले आहे, त्या असुराचे नावही जम्भच.